शेतकरी कुटुंबाचा पहिला ट्रेल कॅमेरा : अल्प खर्चातील निवड व वापर

प्रस्तावना

शेतात रात्री कोण येऊन जाते, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक कुटुंबांत अंदाजावरच दिले जाते. मका आडवा झाला की रानडुकराचे नाव घेतले जाते, कोंबडी नाहीशी झाली की बिबट्याचे आणि कलिंगड फुटले की कोल्ह्याचे. प्रत्यक्षात मका मोकाट जनावरांनी तुडवलेला असू शकतो, कोंबडी रानमांजराने वा भटक्या कुत्र्याने नेलेली असू शकते आणि कलिंगड साळिंदराने कुरतडलेले असू शकते. चुकीच्या अंदाजाची किंमत दोन बाजूंनी मोजावी लागते. कुंपणाचा खर्च वाया जातो, आणि निरपराध प्राणी विष, फासा किंवा विजेच्या तारेला बळी पडतो. तारेत सोडलेल्या थेट वीजप्रवाहाने माणसेही दगावतात.

हा अंदाज बाजूला सारून पुरावा देणारे एक साधन आता सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आले आहे. ते म्हणजे ट्रेल कॅमेरा, अर्थात प्राणी समोरून गेल्यावर आपोआप छायाचित्र टिपणारा कॅमेरा. कल्पना जुनी आहे. संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकात जंगलवाटेवर तार ताणून, वाघाच्या पायाने कळ दाबली जाईल अशी रचना करून छायाचित्रे मिळवली. त्यांचे ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे पुस्तक १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०१८ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी असे स्वयंचलित कॅमेरे लावले गेले आणि सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रे जमा झाली.

शेतीच्या दृष्टीने याहून जवळचे उदाहरण अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्याचे आहे. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील ऊस व इतर पिकांच्या, दाट वस्तीच्या परिसरात कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि जवळपास तितकेच तरस तेथे असल्याचा अंदाज या अभ्यासातून मिळाला. माणसांनी गजबजलेल्या शेतशिवारात हे प्राणी बव्हंशी नजरेआड राहून वावरत होते. शिवार रात्री रिकामे नसते, एवढी गोष्ट यातून स्पष्ट होते.

घरातील मुले, वडीलधारी मंडळी आणि शेतकरी यांनी मिळून आपल्या शिवारातील प्राणी ओळखावेत, यासाठी पहिला कॅमेरा कसा निवडावा याचे विवेचन पुढे केले आहे.

आधी प्रश्न, मग कॅमेरा

खोक्यावर छापलेली वैशिष्ट्ये वाचून कॅमेरा घेतला की निराशा होण्याचा संभव अधिक असतो. त्याऐवजी कुटुंबाने प्रथम एकच प्रश्न ठरवावा. हरयाणा, उत्तर प्रदेश किंवा मध्य प्रदेशातील शेतकऱ्याचा प्रश्न ‘गव्हात नीलगायी कोणत्या बाजूने शिरतात?’ असा असेल. गोवा, कर्नाटक किंवा केरळमधील बागायतदाराला ‘रताळी आणि कंद कोण उकरते?’ हे हवे असेल. पश्चिम बंगालमध्ये मत्स्यतळ्यालगत राहणाऱ्या कुटुंबाला तळ्यावर येणारे मांजर पाळीव आहे की त्या राज्याचा राज्यप्राणी असलेले मासेमार मांजर, हे पाहावयाचे असेल. मुलांचा प्रश्न याहून साधा असू शकतो: परसातल्या आंब्याखाली रात्री खसखस कोण करते?

प्रश्न ठरला की गरज ठरते. नीलगाय मोठी असते आणि दुरूनही टिपली जाते. तिच्यासाठी रात्रीचा प्रकाश लांबवर पोहोचणारा हवा. मुंगूस किंवा उदमांजर लहान व चपळ असते; त्याच्यासाठी चटकन जागा होणारा कॅमेरा हवा. चोरीची भीती असलेल्या जागी न दिसणारा प्रकाश हवा. सर्व गुण एकाच स्वस्त कॅमेऱ्यात मिळत नाहीत. म्हणून आपल्या प्रश्नाला लागणारा गुण कोणता, हे खरेदीपूर्वी ठाऊक असणे हीच खरी बचत होय.

कॅमेरा जागा कसा होतो?

ट्रेल कॅमेरा सतत चित्रण करीत नाही. तो सुप्तावस्थेत असतो आणि त्याच्या तोंडावरील लहानशा पांढरट घुमटीमागे असलेला उष्णता-संवेदक तेवढा पहारा देतो. प्रत्येक पदार्थ आपल्या तापमानानुसार अवरक्त किरण उत्सर्जित करतो. पार्श्वभूमीपेक्षा वेगळ्या तापमानाचे शरीर संवेदकासमोरून सरकले की त्याला बदल जाणवतो आणि तो कॅमेऱ्याला जागे करतो. म्हणजे तापमानातील फरक आणि हालचाल या दोन्ही गोष्टी आवश्यक असतात.

या एका तत्त्वातून अनेक व्यावहारिक गोष्टी उलगडतात. उन्हाळ्यात दुपारी हवा आणि जमीन प्राण्याच्या अंगाइतकीच तापलेली असते. तेव्हा फरक उरत नाही आणि समोरून गेलेला प्राणीही निसटू शकतो. पहाटे आणि थंडीत तोच कॅमेरा उत्तम काम करतो. साप, घोरपड यांसारख्या शीतरक्ताच्या प्राण्यांचे तापमान परिसराइतकेच असते, म्हणून ते क्वचितच टिपले जातात. ऊन लागलेले गवत वाऱ्याने हलले तर कॅमेरा विनाकारण जागा होतो आणि शेकडो रिकामी छायाचित्रे साठतात. तसेच, संवेदकासमोरून आडवा जाणारा प्राणी लवकर जाणवतो. थेट कॅमेऱ्याकडे चालत येणारा उशिरा जाणवतो.

निवडीचे निकष

१) जागे होण्याचा वेळ

संवेदकाला हालचाल जाणवल्यापासून छायाचित्र टिपले जाईपर्यंतच्या अवधीला खोक्यावर ‘ट्रिगर टाइम’ किंवा ‘ट्रिगर स्पीड’ म्हटलेले असते. याचे महत्त्व एका हिशेबाने समजते. ५५ अंशांच्या दृष्टिकोनाचा कॅमेरा चार मीटर अंतरावर साधारण चार मीटर रुंदीचा भाग पाहतो. दुडक्या चालीने सेकंदाला तीन मीटर जाणारा कोल्हा मध्यभागी आल्यावर संवेदकाला जाणवला, तर चौकटीतून बाहेर पडण्यास त्याला दोनच मीटर उरतात. कॅमेऱ्याने एक सेकंद घेतला तर छायाचित्रात रिकामी वाट उरेल, फार तर शेपटीचे टोक दिसेल. अर्ध्या सेकंदात तो दीड मीटरच सरकेल आणि चौकटीत सापडेल. यास्तव वाटेवर लावावयाच्या कॅमेऱ्यासाठी अर्धा सेकंद किंवा त्याहून कमी वेळ असावा. पाणवठ्यावर किंवा पडलेल्या फळांपाशी प्राणी रेंगाळतो. तेथे एक सेकंदाचा कॅमेराही चालतो.

याचबरोबर एक छायाचित्र घेतल्यावर पुढच्यासाठी सज्ज होण्याचा अवधी, म्हणजे ‘रिकव्हरी टाइम’, विचारावा. पुढे आई आणि मागे पिल्ले असा रानडुकरांचा कळप जात असताना हा अवधी लांबला, तर पहिलीच मादी टिपली जाते आणि ‘एकच डुक्कर आले’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

२) मेगापिक्सेलचा भ्रम

स्वस्त कॅमेऱ्यांच्या खोक्यावर सर्वांत ठळक अक्षरांत मेगापिक्सेलचा आकडा छापलेला असतो आणि तोच सर्वांत कमी उपयोगाचा असतो. अनेक कॅमेऱ्यांत प्रत्यक्ष संवेदक मोजक्याच मेगापिक्सेलचा असतो. उरलेले ठिपके आतील प्रणाली अंदाजाने भरते. अशाने छायाचित्राचा आकार वाढतो, कार्ड लवकर भरते, तपशील मात्र वाढत नाही. पूर्ण एचडी चित्रफितीची चौकट १९२० × १०८० ठिपक्यांची, म्हणजे सुमारे २० लाख ठिपक्यांची असते, आणि प्राणी ओळखण्यास तेवढीही बहुधा पुरते. म्हणून विक्रेत्याकडे संवेदकाचे मूळ मेगापिक्सेल विचारावेत आणि शक्य असल्यास त्याच कॅमेऱ्याने रात्री घेतलेले नमुना छायाचित्र पाहावे. दिवसाची छायाचित्रे बहुतेक सर्वच कॅमेऱ्यांची चांगली येतात. कस लागतो तो रात्री.

३) रात्रीचा प्रकाश

रात्री कॅमेरा अवरक्त दिव्यांच्या प्रकाशात कृष्णधवल छायाचित्र घेतो. या दिव्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. ८५० नॅनोमीटरचे दिवे लांबवर उजेड पाडतात, परंतु त्यांच्याकडे थेट पाहिल्यास मंद लाल चमक दिसते. ९४० नॅनोमीटरचे दिवे माणसाला दिसत नाहीत, पण त्यांचा पल्ला कमी असतो आणि छायाचित्र थोडे खरबरीत येते. मोकळ्या शेतातील नीलगाय पाहावयाची असेल तर पहिला प्रकार बरा. रस्त्यालगत, चोरीची शक्यता असलेल्या जागी किंवा घराजवळ दुसरा प्रकार बरा. खोक्यावर २०–२५ मीटर पल्ला लिहिलेला असला तरी ससा, मुंगूस, रानमांजर यांसारख्या लहान प्राण्यांसाठी पाच ते आठ मीटरचा पल्लाच विश्वासार्ह समजावा.

४) सेल आणि वीज

बहुतेक कॅमेऱ्यांत चार किंवा आठ ‘एए’ आकाराचे सेल बसतात. आठ सेलांचा कॅमेरा एका भरणीत अधिक दिवस चालतो. एकदा वापरून टाकण्याचे अल्कलाइन सेल सुरुवातीस स्वस्त वाटतात. वर्षभराच्या हिशेबात पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल-हायड्राइड सेल परवडतात. मात्र अल्कलाइन सेलचा दाब १.५ व्होल्ट, तर चार्ज होणाऱ्या सेलचा १.२ व्होल्ट असतो. काही कॅमेरे या कमी दाबावर नीट चालत नाहीत किंवा लवकरच ‘सेल संपले’ असे दर्शवतात. त्यामुळे चार्ज होणारे सेल चालतील काय, हे माहितीपत्रकात पाहूनच खरेदी करावी. नवे व जुने किंवा दोन प्रकारचे सेल एकत्र घालू नयेत. सर्वाधिक वीज रात्रीच्या चित्रफितीस लागते, कारण तेवढा वेळ दिवे सतत पेटलेले असतात.

५) पाऊस, धूळ आणि मुंग्या

आवरणाची संरक्षणक्षमता ‘आयपी’ या अक्षरांपुढील दोन अंकांनी दर्शवतात. पहिला अंक धुळीपासूनचे व दुसरा पाण्यापासूनचे संरक्षण सांगतो. पावसाळी वापरासाठी ६५ किंवा ६६ असावा. ५४ असल्यास कॅमेरा आडोशाला लावावा. दाराची रबरी कडा एकसंध आहे की नाही, हे हाताने तपासावे. आत सिलिका जेलची पुडी ठेवल्यास भिंगावर बाष्प धरत नाही. मुंग्यांना ही कोरडी, उबदार पेटी फार आवडते, म्हणून दर भेटीत आतून पाहावे. भिंगावर किंवा संवेदकावर कीटकनाशक मारू नये.

६) ज्यांवाचून अडत नाही अशा सोयी

सिमकार्ड असलेला कॅमेरा छायाचित्र थेट मोबाइलवर पाठवतो. पण त्याची किंमत अधिक असते, दरमहा रिचार्ज लागतो, वीज जास्त खर्च होते आणि शिवारात नेटवर्क नसेल तर ही सोय निरुपयोगी ठरते. वायफाय किंवा ब्लूटूथने छायाचित्रे पाहण्याची सोय काही मीटरच्या आतच चालते. ती सुखाची आहे, गरजेची नाही. सौर पट्टी उपयुक्त असली तरी झाडाखालच्या सावलीत तिचा लाभ होत नाही आणि ती कॅमेऱ्याची जागा दुरून उघड करते. पहिल्या कॅमेऱ्यात या तिन्ही गोष्टी टाळून वाचलेला पैसा जलद संवेदक, चांगले सेल आणि दुसरे कार्ड यांवर खर्च करावा.

खर्चाचा हिशेब

कॅमेऱ्याची छापील किंमत हा पूर्ण खर्च नसतो. दोन मेमरी कार्डे, सेलांचे दोन संच, चार्जर, बांधण्याचा पट्टा आणि शक्य असल्यास लहान साखळी-कुलूप एवढे साहित्य प्रथमपासून लागते. एकूण रकमेचा साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश भाग या साहित्यासाठी राखून उरलेल्या रकमेत कॅमेरा पाहावा. दोन कार्डे आणि सेलांचे दोन संच असल्यास एक शेतात आणि दुसरा घरी, अशी अदलाबदल करता येते व कॅमेरा एक रात्रही बंद राहत नाही.

कार्ड ३२ जीबीचे पुरते. एक छायाचित्र तीन एमबीचे धरल्यास त्यावर सुमारे दहा हजार छायाचित्रे मावतात. दहा सेकंदांची चित्रफीत वीस एमबीची धरल्यास सुमारे सोळाशे मावतात. काही स्वस्त कॅमेरे ३२ जीबीहून मोठे कार्ड स्वीकारत नाहीत, म्हणून मोठे कार्ड घेण्याची घाई करू नये. नवे कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे.

बिल, वॉरंटी आणि परत करण्याची मुदत या बाबी लेखी घ्याव्यात. परतीच्या मुदतीतच पुढील चाचणी उरकावी.

घरची चाचणी

कॅमेरा थेट शिवारात नेण्यापूर्वी अंगणात दोन संध्याकाळी त्याची परीक्षा घ्यावी. या कामात मुलांचा उत्साह उपयोगी पडतो.

कॅमेरा गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधावा. जमिनीवर तीन, पाच, आठ आणि दहा मीटरवर चुन्याने रेघा आखाव्यात. एकाने प्रत्येक रेघेवरून आधी सावकाश आणि मग झपझप आडवे चालावे. कोणत्या रेघेवर माणूस चौकटीच्या मध्ये येतो आणि कोणत्या रेघेवर नुसती पाठ दिसते, हे लिहून ठेवावे. मग मुलांनी त्याच रेघांवरून रांगत जावे, म्हणजे लहान प्राण्यासाठीचा पल्ला कळतो. अंधार पडल्यावर प्रत्येक रेघेवर एक पाटी किंवा मोठ्या अक्षरांचा पुठ्ठा ठेवून तीच चाचणी पुन्हा करावी. अक्षरे जेथवर वाचता येतात तेथवर कॅमेऱ्याचा रात्रीचा खरा पल्ला होय. शेवटी बागेतील झारीने दहा मिनिटे पाणी शिंपडून, पुसून, मग दार उघडून आत ओल शिरली की नाही हे पाहावे. दावा आणि प्रत्यक्ष यांत मोठी तफावत दिसल्यास कॅमेरा परत करावा.

शिवारात मांडणी

साधा कॅमेरा योग्य जागी लावला तर महाग कॅमेऱ्याहून अधिक देतो. प्राण्यांना मळलेली वाट सोडणे आवडत नाही. बांधाचे तोंड, ओढ्याची उतरण, कुंपणाखालचे भोक, पाणवठा आणि पडलेल्या फळांचे झाड या जागा सर्वांत फलदायी असतात. पायांचे ठसे, विष्ठा, मातीतली उकर आणि तारेला अडकलेले केस पाहून जागा निवडावी.

उंची : ससा, रानमांजर, कोल्हा यांच्यासाठी जमिनीपासून ४० ते ५० सेंटिमीटर, नीलगायीसाठी कमरेएवढी.

अंतर : वाटेपासून तीन ते पाच मीटर.

कोन : वाटेशी साधारण ४५ अंश. पूर्ण काटकोनात प्राणी लवकर निसटतो आणि वाटेच्या सरळ रेषेत तो उशिरा जाणवतो. तिरपा कोन हा दोहोंमधील सुवर्णमध्य होय.

दिशा : भिंग उत्तरेकडे असावे. पूर्वेला किंवा पश्चिमेला केल्यास उगवता-मावळता सूर्य भिंगात शिरतो.

पुढचा भाग : कॅमेऱ्यापुढील तीन-चार मीटरमधील उंच गवत काढावे. झाडांच्या फांद्या छाटून आडोसा नष्ट करू नये.

सुरुवातीस प्रत्येक वेळी तीन छायाचित्रांची मालिका ठेवावी. कोण येते हे कळल्यावर, ते काय करते हे पाहण्यासाठी दहा सेकंदांच्या चित्रफितीकडे वळावे. सेल बदलल्यावर अनेक कॅमेऱ्यांतील तारीख व वेळ पुसली जाते, म्हणून दर वेळी घड्याळ तपासावे. वेळ चुकली की नोंदीचा निम्मा उपयोग संपतो. एका जागी किमान दोन आठवडे कॅमेरा ठेवावा आणि आठवड्यातून एकदाच तेथे जावे. रोज गेल्यास माणसाच्या वासाने प्राणी वाट बदलतात. हत्तींचा वावर असलेल्या आसाम, ओडिशा, झारखंड, केरळ आदी राज्यांच्या भागांत हत्ती कॅमेरा उपटून टाकू शकतात, आणि माकडे सर्वत्र त्याच्याशी खेळतात. अशा जागा पहिल्या कॅमेऱ्यासाठी टाळाव्यात.

पक्षीथांबे लावलेल्या शेतात कॅमेरा थांब्यापासून सुमारे तीन मीटरवर, थांब्याच्या उंचीस समांतर बांधल्यास रात्री उंदीर घेऊन बसणारे गव्हाणी घुबड दिसू शकते. उडता पक्षी बहुधा निसटतो, बसलेला टिपला जातो. घुबडाला अपशकुनी मानणाऱ्या घरात त्याच्या चोचीतला उंदीर दाखवणारे एक छायाचित्र पुष्कळ काम करते.

ओळख आणि नोंद

रात्रीच्या छायाचित्रात रंग नसतात. म्हणून ओळख शेपटी, कान, पाठीचा उतार आणि अंगावरील नक्षी यांवरून करावी. तरसाची पाठ मागे उतरती असते, मानेवर आयाळ आणि पायांवर पट्टे असतात. अंधुक छायाचित्रात त्याला बिबट्या किंवा लांडगा समजण्याची चूक वारंवार होते. रानमांजराचे पाय लांब, शेपटी आखूड व टोकाशी काळी असते. जवादी मांजराच्या पाठीवर रेघा व शेपटीवर कडी असतात. उदमांजराची लांब शेपटी गडद व बिनकड्यांची असते. खोकड कोल्ह्याहून लहान असते, तिचे कान मोठे व झुपकेदार शेपटीचे टोक काळे असते. शंका असल्यास नोंदीत ‘अनिश्चित’ असेच लिहावे. अनिश्चित नोंद चुकीच्या नोंदीपेक्षा मोलाची असते.

मुलांसाठी एक वही करावी. तीत तारीख, वेळ, जागा, प्राणी, संख्या, जाण्याची दिशा, पिकाची अवस्था आणि चांदणे की अंधारी रात्र, असे रकाने पाडावेत. एकाच प्राण्याची अर्ध्या तासातील सर्व छायाचित्रे एकच भेट म्हणून मोजावीत. ही पद्धत वन्यजीव-अभ्यासातही रूढ आहे. तसे न केल्यास एक डुक्कर वीस छायाचित्रांमुळे वीस डुकरे होते. काही महिन्यांत वही बोलू लागते. रानडुकरे पीक कोणत्या अवस्थेत असताना येतात, रात्रीच्या कोणत्या प्रहरी येतात आणि कुंपणाची कोणती बाजू वापरतात, हे त्यातून कळते. मग साऱ्या शेताभोवती खर्च करण्याऐवजी तेवढी बाजू आणि तेवढे दिवस राखता येतात. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. कॅमेऱ्यात न दिसलेला प्राणी शिवारात नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. तो त्या वाटेने आला नाही, एवढेच म्हणता येते.

नुकसानभरपाईच्या संदर्भातही या नोंदींचा आधार होतो. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केल्यानुसार वन्यप्राण्यांमुळे होणाऱ्या पीकनुकसानीचा प्रधानमंत्री पीकविमा योजनेत स्थानिक आपत्तीखालील अतिरिक्त संरक्षण म्हणून समावेश करण्यात आला असून खरीप २०२६ पासून ही तरतूद लागू करावयाची आहे. कोणते प्राणी व कोणते जिल्हे, हे राज्यांनी अधिसूचित करावयाचे आहे. नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत पीकविमा ॲपवर, स्थाननोंद असलेल्या छायाचित्रांसह द्यावी लागते. ट्रेल कॅमेऱ्याचे छायाचित्र या छायाचित्रांची जागा घेत नाही. ते प्राणी कोणता होता हे सांगते. नुकसान किती झाले ते मोबाइलनेच टिपावे लागते. दोन्हींच्या तारखा जुळल्या की शेतकऱ्याचे म्हणणे भक्कम होते.

कायदा आणि मर्यादा

कॅमेरा स्वतःच्या मालकीच्या जमिनीतच लावावा. अभयारण्यात प्रवेशासाठी व छायाचित्रणासाठी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार परवाना लागतो. राष्ट्रीय उद्यानांसही हेच लागू आहे. अन्य वनजमिनीवरही वन विभागाच्या परवानगीवाचून कॅमेरा लावू नये. प्राणी यावेत म्हणून मांस, मीठ किंवा धान्य टाकू नये. त्याने प्राण्यांना वस्तीची सवय लागते आणि संकट घरापर्यंत येते. घरटे, बीळ किंवा पिल्ले असलेली गुहा यांसमोर कॅमेरा लावू नये.

माणसांचा विचारही तितकाच आवश्यक आहे. सार्वजनिक पायवाट, पाणवठ्यावरील घाट, शेजाऱ्याचे अंगण किंवा शौचाला जाण्याची जागा चौकटीत येता कामा नये. कॅमेरा लावल्याचे शेजाऱ्यांना आधी सांगावे आणि चुकून आलेले माणसाचे छायाचित्र लगेच पुसावे.

बिबट्या, वाघ किंवा हत्ती टिपला गेल्यास घाबरून गर्दी जमवू नये. छायाचित्र गावाच्या समूहावर टाकण्याआधी वन विभागाच्या जवळच्या कार्यालयास कळवावे. मुलांनी एकटे फिरू नये, अंधारात बॅटरी व सोबत असावी, गुरे व कोंबड्या बंदिस्त जागी ठेवाव्यात. खवले मांजरासारख्या चोरट्या शिकारीचे लक्ष्य असलेल्या प्राण्याचे छायाचित्र मिळाल्यास ठिकाण कोणासही सांगू नये; छायाचित्रातील स्थाननोंदही पुसावी. कार्ड बदलण्यास नेहमी भरदिवसा, दोघांनी मिळून जावे. पहाटे व सांजवेळी, प्राण्यांच्या वावराच्या वेळी, मुलांना कॅमेऱ्याकडे पाठवू नये.

खरेदीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

• आपला प्रश्न कोणता, आणि प्राणी मोठा की लहान, रेंगाळणारा की जाणारा?
• जागे होण्याचा वेळ अर्ध्या सेकंदाच्या आत आहे काय?
• संवेदकाचे मूळ मेगापिक्सेल किती? रात्रीचे नमुना छायाचित्र पाहावयास मिळेल काय?
• दिवे ८५० नॅनोमीटरचे की ९४० चे?
• चार सेल की आठ? चार्ज होणारे सेल चालतात काय?
• आयपी अंक किती? दाराची रबरी कडा एकसंध आहे काय?
• किती जीबीपर्यंतचे कार्ड चालते?
• परतीची मुदत व वॉरंटी लेखी मिळते काय?

समारोप

पहिल्या कॅमेऱ्याचे यश त्याच्या किमतीवर फारसे अवलंबून नसते. नेमका प्रश्न, अर्ध्या सेकंदात जागा होणारा संवेदक, योग्य प्रकाश, भरवशाचे सेल आणि विचारपूर्वक निवडलेली जागा एवढे जमले की साधा कॅमेराही शिवाराचे रात्रीचे जीवन घरातल्या सर्वांसमोर आणतो. कोणता प्राणी पीक खातो आणि कोणता उंदीर खाऊन पीक राखतो, हा भेद एकदा डोळ्यांनी पाहिला की संरक्षणाचा खर्च योग्य जागी होतो. पिकाचे वैरी म्हणून मारले जाणारे, प्रत्यक्षात शेतकऱ्याचे मित्र असलेले अनेक प्राणीही वाचतात. ज्या घरातील मुले आपल्या बांधावरचा कोल्हा, घुबड आणि रानमांजर नावाने ओळखतात, त्या घरात पुढच्या पिढीत विषाची पुडी हाती घेण्यापूर्वी दोनदा विचार होईल.